पाच-अडतीस काढून चार-सत्तावीस: जीपच्या मागच्या क्राऊन-पिनियनचा आठ महिन्यांचा अनुभव

आमची जीप साठच्या पुढे गेली की आत बसलेली माणसं बोलायची थांबत. भीतीनं नाही, एकमेकांचं ऐकूच यायचं नाही म्हणून. इंजिन असं किंचाळायचं की पाहुणे मागे वळून बघायचे, काही सुटून पडलं की काय.

गाडी महिंद्राची कमांडर. मामंजींनी वडापसाठी घेतलेली, फक्त मागच्या चाकांवर चालणारी, 2523 सीसीचं डिझेल इंजिन आणि चार गिअर. पावस-रत्नागिरी रस्त्यावर तिनं अर्धा तालुका वाहून नेलाय. मामंजी गेल्यावर नवरा म्हणाला विकू, मी म्हटलं ठेवू. आता खानावळीचा बाजार, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं आणि मोसमात आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूर, एवढीच तिची कामं. चालवते मीच. नवऱ्याला तिचा क्लच झेपत नाही, हे त्याला लिहून कळवायला हरकत नाही, कारण तो मी लिहिलेलं वाचत नाही.

तर हे परीक्षण दोन गोष्टींचं आहे. एक, मागच्या ॲक्सलमध्ये टाकलेल्या नव्या क्राऊन-पिनियनचं. दुसरी, तो बसवणाऱ्या गॅरेजचं. खरं सांगायचं तर दुसरीचंच जास्त, कारण तसाच सेट मी आधी एका दुकानातून बसवून घेतला होता आणि तो नऊशे किलोमीटरमध्ये मेला.

आधी आकड्यांचं बघू. गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट मागे येतो, त्याच्या टोकाला पिनियन, आणि पिनियन फिरवतो मोठ्या क्राऊनला. आमच्या गाडीत पिनियनला 8 दाते आणि क्राऊनला 43. 43 भागिले 8, म्हणजे 5.38 च्या आसपास. हा झाला रेशो. शाफ्टचे पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त, तेव्हा चाकाचा एक फेरा. महिंद्राच्या गाड्यांची सुरुवातच विलीज जीप जोडण्यापासून झाली आणि विलीजच्या नागरी जीपांना हाच 5.38 असायचा. ती गाडी शेतकऱ्याला नांगर ओढायलाही विकायची होती, म्हणून हा हिशेब. मला नांगर ओढायचा नाही. मला हातखंब्याहून पालीपर्यंत कानात बोटं न घालता जायचंय.

आमच्या गाडीत कंपनीनं मुळात काय दिलं होतं देव जाणे, जुन्या जीपांची पोटं इतक्या वेळा उघडलेली असतात की कागदावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. घरी मोजता येतं. गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दगड, मागची दोन्ही चाकं जॅकवर, ॲक्सलखाली भक्कम टेकू. शाफ्टवर खडूची खूण करायची. एक चाक कुणीतरी घट्ट धरून ठेवायचं आणि दुसरं दोन पूर्ण फेरे फिरवायचं (एक नाही, दोन, कारण डिफ्रेन्शियलमध्ये एक चाक धरलं की दुसरं दुप्पट फिरतं). तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. आमच्याकडे मुलीनं खाली पाट टाकून, आडवं पडून मोजलं. ‘‘आई, पाच आणि थोडं!’’ थोडं म्हणजे किती यावर दोनदा पुन्हा चाक फिरवलं.

मग तिच्याच वहीत गणित मांडलं. टायर 215/75 आर 15, त्याचा घेर सुमारे 2.21 मीटर. चौथा गिअर सरळ, एकास एक. ताशी 80 ला इंजिन मिनिटाला साधारण 3,245 फेरे घेतं. तेच 4.88 टाकला तर 2,940, आणि 4.27 टाकला तर 2,575. गाडीत फेरे दाखवणारा काटा नाही, पण कान आहेत.

पहिलं दुकान. नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. मूळ क्राऊनचे दाते झिजले होते, चाळीसला कुईं असा आवाज यायचा आणि ॲक्सिलरेटर सोडला की आवाजाचा सूर बदलायचा. सूर बदलतो म्हणजे गिअर. पायाला न जुमानता एकच घरघर असेल तर बहुधा बेअरिंग. तेव्हा नाहीतरी बदलायचाच होता, म्हणून म्हटलं रेशोही बदलून घेऊ. 47 आणि 11 दात्यांचा 4.27 चा सेट आणला. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी पाच वाजता तयार. मी खूश. एका दिवसात! आता कळतंय की तीच वाईट खूण होती. दोन दिवस बरे गेले, मग पन्नासला शिट्टी सुरू झाली. दुकानदार म्हणाला, ‘‘नवा आहे, बसेल.’’ बसला तो खरा, पण कायमचाच. बूच उघडलं तेव्हा तेल काळं आणि त्यात चांदीच्या वर्खासारखी चकाकी. तो वर्ख म्हणजे माझे साडेनऊ हजार रुपये.

पुढे ज्यांच्याकडे गेले त्यांना सगळे चाचा म्हणतात. रत्नागिरीच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची शेड, बोर्ड नाही. शेजारच्या टपरीवर विचारलं तर ‘‘जीपवाले चाचा ना?’’ एवढ्यावर पत्ता कळतो. सत्तरीच्या घरात, चष्म्याला दोरी. मी पहिल्या दुकानाची रडकथा सुरू केली तर हात वर करून थांबवलं. ‘‘वहिनी, कुणी केलंय ते नको. काय केलंय ते बघू.’’

उघडल्यावर मला जवळ बोलावून दाखवलं. क्राऊनच्या प्रत्येक दात्याच्या फक्त वरच्या कडेला नखाएवढा चकचकीत पट्टा होता, बाकी दाता कोराच. सगळा भार त्या नखावर. पिनियन जेवढा आत हवा तेवढा नव्हता. पहिल्या दुकानानं जुन्या सेटचे शिम होते तेच नव्याखाली घातले होते. शिम म्हणजे पापडापेक्षाही पातळ पोलादी चकत्या, पिनियन किती आत-बाहेर बसेल ते त्या ठरवतात. प्रत्येक सेट कारखान्यात आपल्या जोडीदाराबरोबर घासून जुळवलेला असतो, दोघांवर एकच नंबर असतो, आणि पिनियनच्या तोंडावर तो किती अधिक-उणा बसवायचा याचाही आकडा कोरलेला असतो. म्हणून एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन असला संसार चालत नाही, आणि जुने शिमही डोळे झाकून चालत नाहीत.

आता रेशोवरून भांडण. नवरा म्हणाला, खर्च होतोच आहे तर 3.73 टाकू, गाडी कारसारखी पळेल. चाचांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, आपल्या गाडीचा ॲक्सल डाना 44 च्या जातीचा, ह्यात 3.73 आणि त्याखालच्या आकड्यांना आतली केस, म्हणजे क्राऊन ज्यावर बसतो ते घर, वेगळी लागते, 3.92 पासून वरच्यांना वेगळी. म्हणजे केसही बदला. आणि बदलून आंबा घाटात पेट्या भरून चढवणार कोण? त्यांचं मत 4.88. फरक नऊ टक्क्यांचा, गाडीला कळणारही नाही. माझं मत 4.27, फरक वीस टक्क्यांचा. पाच गिअरचा बॉक्स टाकणं हाही एक मार्ग होता, पण त्यात शाफ्टची लांबी, माउंटिंग, सगळंच बदलत जातं. पुढचीही चाकं ओढणारी जीप असती तर पुढच्या ॲक्सलमध्येही तोच रेशो टाकावा लागला असता आणि खर्च दुप्पट, मग मी गपचूप 4.88 पण घेतला नसता. फक्त मागची चाकं ओढणारी गाडी असल्याचा हा एकमेव फायदा.

मी 4.27 वर अडून बसले. त्याचं फळ पुढे येतंच.

चाचांनी चार दिवस घेतले. त्यातला सुटं करायला अर्धा, कारण आमचं घर खाडीच्या तोंडाशी आणि खाऱ्या हवेनं बोल्ट असे धरले होते की दोन तोडूनच काढावे लागले. बेअरिंगच्या टोप्या काढताना त्यांनी डाव्या-उजवीवर पंचनं खुणा केल्या, एक टिंब, दोन टिंबं. टोप्यांची अदलाबदल झाली तर बेअरिंग वाकडं बसतं. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले (कोलंबीची कढी आणि भात, मजुरीत धरलेला नाही) आणि दोन तास तिथेच बसले. ते दोन तास सांगते.

एका झाकणात शेंदूर आणि तेल कालवलेलं. हो, मारुतीला लावतात तोच, रंगाच्या दुकानात रेड लेड म्हणून मिळतो. ‘‘निळा रंगही येतो ट्यूबमध्ये,’’ चाचा म्हणाले, ‘‘पण ह्या वयात शेंदूरच नीट दिसतो.’’ क्राऊनच्या चार-पाच दात्यांना ब्रशनं पातळ थर दिला. मग पोऱ्यानं क्राऊनवर लाकडाचा ठोकळा दाबून धरला, चाक जड व्हावं म्हणून, आणि चाचांनी पाना लावून पिनियन फिरवला. पुढे, मागे. थांबून टॉर्च मारली. दात्यावरचा शेंदूर जिथे घासून गेला तिथे लांबट मोकळा ठिपका उरला होता, पण तो दात्याच्या मुळाशी. म्हणजे पिनियन आता जास्त आत. सगळं पुन्हा खोलायचं: नट, पिनियन, मग आतल्या बेअरिंगची वाटी ठोकून काढायची, तिच्याखालचा शिम बदलायचा, परत बसवायचं. दुसऱ्या वेळी ठिपका वर सरकला पण एका टोकाकडे झुकलेला. तिसऱ्यांदा बरोबर मध्ये आला, थोडा आतल्या टोकाकडे. ‘‘भार आला की बाहेर पसरतो तो, म्हणून थोडा आत ठेवायचा.’’

माझी खरी दाद मात्र दुसऱ्याच गोष्टीला. क्राऊनच्या दोन्ही बाजूंचे शिम बदलायचे तर बेअरिंग दर वेळी पुलरनं ओढून काढावं लागतं आणि नवं बेअरिंग दोन-तीनदा ओढलं की त्याची वाट लागते. चाचांकडे एका डब्यात जुन्या बेअरिंगांचा जोड आहे, आतून घासून सैल केलेला, अंगठीसारखा हातानं चढतो-उतरतो. सगळी जुळवाजुळव त्या जोडावर करायची, शेवटी शिम पक्के झाले की मगच नवी बेअरिंगं दाबायची. पहिल्या दुकानात असलं काही नव्हतं, त्यामुळे तिथे दुसऱ्यांदा खोलण्याची कुणाला इच्छाच होणार नव्हती.

दात्यांमधला मोकळेपणा, म्हणजे बॅकलॅश, डायल गेज लावून बघितला. ‘‘सहा ते दहा थाऊ चालतं.’’ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सहा ते दहा थाऊ म्हणजे सुमारे 0.15 ते 0.25 मिलिमीटर. आमचा सातवर आला. क्राऊन फिरवून चार ठिकाणी मोजला, एका ठिकाणी आठ. चाचांनी तोंड वाकडं केलं, मला तर बर्फी वाटावीशी वाटली.

तेल जीएल-5, 80डब्ल्यू-90. इथे चालढकल नको. ह्या गिअरमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसतो, त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही, आणि साधं गिअर ऑइल त्या दाबाखाली टिकत नाही. त्या तेलाला गंधकाचा वास येतो, हाताला दोन दिवस राहतो. मी त्याच हातांनी घावन घातले तर एका पाहुण्यानं विचारलं की इथे जवळ गरम पाण्याचे झरे आहेत का. राजवाडीला आहेत, संगमेश्वरजवळ, असं सांगून वेळ मारून नेली.

नवा सेट रुळवायला मिळालेली सूचना अशी: पहिले 800 किलोमीटर पेट्या नाहीत, घाट नाही, साठच्या वर नाही. पहिल्याच दिवशी पंचवीस-तीस किलोमीटर चालवायचं, थांबून ॲक्सल पूर्ण गार होऊ द्यायचा, असं दोन-तीनदा. 800 ला तेल बदलायचं. मी पावसहून पूर्णगड, परत, चहा, पुन्हा पूर्णगड असं केलं. वाटेतल्या लोकांना वाटलं वहिनींचं काहीतरी हरवलंय.

आता चालवायला कशी आहे? शांत. हा पहिला शब्द. गोळपच्या सड्यावर चौथ्यात टाकून पाय हलका ठेवला की पूर्वी तिसऱ्यातून चौथ्यात जायचं राहिलंय असं वाटायचं तसं आता वाटत नाही. मागे बसलेले बोलतात. शिट्टी नाही, ना वेग धरताना, ना सोडताना. आठ महिने झाले, मध्ये पूर्ण पावसाळा गेला, बूच उघडून बोट घालून बघितलं, तेल मधाच्या रंगाचं आहे.

पण वेग वाढला म्हणून ब्रेक वाढलेले नाहीत, हे नवऱ्याला रोज सांगावं लागतं. चारही चाकांना ड्रम, आणि गाडीचं वय मुलीपेक्षा जास्त. मी सत्तर-पंचाहत्तरच्या पुढे नेत नाही.

आणि त्या पंचाहत्तरचीही एक गंमत आहे. आमच्या गाडीत स्पीडोमीटरची केबल निघते ॲक्सलच्या आधी. रेशो बदलल्यावर त्याच वेगाला शाफ्ट हळू फिरतो, त्यामुळे काटा कमी दाखवतो. काटा 60 म्हणतो तेव्हा गाडी खरी 75 ला असते. किलोमीटरचंही तसंच. हे माझ्या लक्षात यायच्या आधी नवऱ्यानं पंपावर हिशेब केला: पूर्वी 35 लिटरमध्ये 385 किलोमीटर, आता 350. ‘‘ॲव्हरेज अकराचं दहावर आलं! एवढे पैसे घालून!’’ दोन दिवस घरात हाच विषय. तिसऱ्या दिवशी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत गेले तेव्हा उलगडा झाला. मीटरवरच्या आकड्याला 1.26 नं गुणायचं. 350 चे खरे 440 झाले, म्हणजे लिटरला साडेबारा. त्यानं मान्य केलं, पण माफी मागितली नाही. केबलच्या टोकाचा छोटा गिअर बदलून काटा दुरुस्त होतो, तो अजून मिळालेला नाही. तोवर फोनवर वेग बघते.

घाटाचं म्हणाल तर चाचांचं बरोबर होतं, अर्धं. आंबा घाटात तीस पेट्या भरून जिथे पूर्वी तिसऱ्यात चढायची तिथे आता दुसरा लागतो. त्याचं मला काही नाही, वेग तोच पडतो. शहरात मात्र चौथ्यात चाळीसला आळस केला तर इंजिन ठक ठक करतं, गिअर उतरवावाच लागतो. ही सवय लागायला महिना गेला.

खरी अडचण घरी. आमच्या वाडीची घाटी जांभ्याची, उभी, आणि वर गाडी वळवायला जागा नाही, म्हणून सामान असलं की उलटी चढवावी लागते. पूर्वी रिव्हर्स टाकून क्लच सोडला की पालीसारखी चढायची. आता रिव्हर्सही वीस टक्के लांब झालाय. गॅसचे चार सिलिंडर आणि तांदळाचं पोतं असलं की अर्ध्या क्लचवर धरावी लागते आणि वर पोचेपर्यंत जळका वास. पावसात शेवाळ असताना एकदा मध्येच सोडून दिली आणि सिलिंडर मुलांकडून वर नेले. हे 4.88 मध्ये झालं नसतं, किंवा कमी झालं असतं. मी चाचांना सांगितलं तेव्हा ते काही म्हणाले नाहीत, नुसता चष्मा पुसला. ज्यांचं घर सपाटीला आहे त्यांनी 4.27 बिनदिक्कत घ्यावा. ज्यांच्या दारात घाटी आहे त्यांनी आधी रिव्हर्सचा विचार करावा, महामार्गाचा नंतर.

खर्च: दुसरा सेट 9,800, बेअरिंग आणि सील 3,900, तेल दोनदा धरून 1,700, मजुरी 4,500. पहिल्या दुकानाचे धरले नाहीत, ते आठवले की कढी नासते.

चाचांच्या तक्रारीही लिहिते. फोन उचलत नाहीत. ‘‘दोन दिवस’’ म्हणाले की चार समजा. पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतात. पण त्या पानावर त्यांनी शिमची जाडी, बॅकलॅश आणि सेटचा नंबर लिहून दिलाय, जो पुढच्या वेळी उघडणाऱ्याला उपयोगी पडेल. ते पान मी आरसी बुकात ठेवलंय.

अजून एक काम त्यांनी न सांगता केलं. ॲक्सलच्या वर एक छोटी श्वासनळी असते. चालून तापलेला ॲक्सल पुराच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचलं जातं. मग तेलाचं ताक होतं. चाचांनी तिला रबरी नळी जोडून वर चासीपर्यंत नेली, साठ रुपयांची. जुलैत पऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं तेव्हा दोनदा त्यातून काढली, ताक झालं नाही.

जाताना रिकामा डबा घेऊन जा. 800 ला काढलेलं तेल मी मागून घेतलं, बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, खांबांना वाळवी लागते त्यासाठी. चाचांनी आधी त्यात लोहचुंबक फिरवून दाखवलं, टोकाला काळी मिशी आली, तिळाएवढी. ‘‘एवढं यायचंच,’’ म्हणाले, आणि डबा भरून दिला.